देवाला विचारून काढलेली बाई

अन्याय झाला तो आमच्या नगरपालिकेच्या मासळी बाजारात झाडू मारणाऱ्या बाईवर. शहाऐंशी साली, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी. सोमवारी अर्धा गाव मासे खात नाही, त्यामुळे बाजार लवकर उठतो, आणि नगरसेवकांना वेळ असतो. ग्रामदेवतेच्या देवळात त्या दुपारी तिच्या नोकरीचा निकाल देवाकडून घेतला गेला. निकाल लागत होता तेव्हा ती देवळाच्या पायरीखाली उन्हात उभी होती. तिच्या जातीच्या माणसांनी पायरी चढायची नाही, असं कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. लिहायची कोणाला कधी गरजच पडली नव्हती.

मी तेव्हा कॉलेज संपवून गावात परतलो होतो आणि पत्रकं काढत होतो. गावच्या वाचनालयात एक सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. ते शाई हाताला लागेपर्यंत फिरवायचं आणि निघालेली पत्रकं एसटी स्टँडवर, बंदरावर, मासळी बाजाराच्या तोंडाशी वाटायची. गटार तुंबलं, पत्रक. जेटीचा रस्ता वर्षात दुसऱ्यांदा खणला, पत्रक. मला लांब वाक्यं येत नव्हती. अजून येत नाहीत.

बाईचं प्रकरण असं होतं. पालिकेवर बरीच वर्षं सरकारी प्रशासक होता. मग निवडणूक झाली, पालिका लोकांच्या हाती आली, आणि वरून सफाई कामगाराची एक कायम जागा मंजूर झाली. बाई प्रशासकाच्याही आधीपासून रोजंदारीवर बाजार झाडत होती. माशांची खवलं, भिजलेल्या टोपल्यांखालचा चिखल, कापून टाकलेली आतडी, हे सगळं ती रोज दुपारी गोळा करायची आणि खाडीच्या पाण्याने फरशी धुवायची. जागा तिलाच मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनेही धरलं होतं. पण कायम जागा भरली की अंदाजपत्रकातली रोजंदारीची तरतूद बंद होणार होती. म्हणजे ती कायम तरी होणार, नाहीतर घरी बसणार. मधलं काही नव्हतं.

आणि एक दुसरा अर्ज आला. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर परत आलेला एक माणूस. त्याचे मामा नगरसेवक. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नव्हता, आजही नाही. त्यालाही बायकोमुलं होती, आणि गिरणीच्या भोंग्याची सवय झालेला माणूस गावात मोकळा बसला की कसा दिसतो ते मी बघत होतो. राग मामांचा होता. कारण मामा बंदरावर उघड सांगत होते, "झाडू काय तेच्या हातात देतलत? तो ऑफिसात बसतलो. नाव सफाई कामगाराचा, काम शिपायाचा."

म्हणजे जागा झाडूची आणि झाडू कोणाच्याच हातात नाही.

सर्वसाधारण सभेला मी लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसलो होतो. ते बाक बाजाराकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ आहे, म्हणून तिथे कोणी बसत नाही. मुख्याधिकारी घाटावरचे, बदलीचा अर्ज करून बसलेले. त्यांनी विषय वाचला. अर्धे नगरसेवक बाईच्या बाजूने, अर्धे भाच्याच्या. नगराध्यक्ष बोलून थकले, चहा झाला, पुन्हा तेच. शेवटी नगराध्यक्षांच्या निर्णायक मतावर येऊन ठेपलं.

नगराध्यक्षांचं नारळ-सुपारीचं दुकान होतं. बाईचं म्हणणं खरं आहे हे त्यांना माहीत होतं आणि मामा पुढच्या निवडणुकीत काय करू शकतात हेही माहीत होतं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल फिरवली, वर पंख्याकडे बघितलं आणि ऑफिसातली मराठी सोडून घरच्या बोलीवर आले.

"ह्या पाप माझ्या एकट्याच्या माथ्यार कित्याक? देवाक इचारूया. कौल घेवया. उजवो पडात तर उजवो, डावो पडात तर डावो."

सभागृहात सुटकेचा एक उसासा गेला. मी तो कानांनी ऐकला. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच त्या माणसांचं एकमत झालं होतं.

मुख्याधिकारी म्हणाले, "साहेब, असं रेकॉर्डवर घेता येणार नाही."

"घेवचा कित्याक? देवाक रेकॉर्ड लागणा नाय."

सगळे हसले. मीही हसलो असतो, इतकं ते सहज होतं. आमच्याकडे विहीर कुठे खणायची, मुलीचं लग्न कुठे करायचं, भावाभावांची वाटणी कशी करायची, सगळ्याला कौल लागतो. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आंब्याच्या झाडाचा प्रश्न देवाला विचारा, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला आम्ही निवडून दिलं ते कशासाठी? पाकळ्या बघायला?

त्या देवळाचे मानकरी माझे थोरले काका. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमचं घर एक, चूल एक.

सोमवारी मी देवळात मागे खांबाला टेकून उभा राहिलो. आबांनी सोवळं नेसून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही नगरपालिका तुझ्या पायाकडे इली आसा..." आणि नगरसेवक हात जोडून, "व्हय म्हाराजा." मुख्याधिकारी सोडून सगळे. ते बूट कुठे ठेवावेत या काळजीत होते. आबांचा पुढचा आवाज मला ऐकू आला नाही, कारण ते पाषाणाजवळ वाकून बोलत होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. समईची वात तडतडली. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

"झाला!" मामा म्हणाले. "भाच्याक इलो."

सगळे एकदम उठले. कोणी आबांच्या पाया पडलं, कोणी चपला शोधायला लागलं. आबा अजून वाकलेलेच होते.

नगराध्यक्ष बाहेर आले आणि शेवटच्या दोन पायऱ्या राखून वरच थांबले. खाली बाई.

"बाये, देवान कौल दिल्यान. तुझा नाय झाला. राग मानू नको हां."

तिने दाराच्या दिशेने हात जोडले. "देवाची मर्जी," ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाजाराकडे चालू लागली. त्या दिवसाची झाडलोट बाकी होती.

मी पत्रक लिहिलं. पेटून लिहिलं. नाव दिलं, "देवाच्या आड लपलेले नगरसेवक". छापण्याआधी तिला वाचून दाखवायला खाडीच्या कडेच्या तिच्या घरी गेलो. ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. मी वाचत गेलो, ती सोलत गेली. संपल्यावर म्हणाली, "बरा लिवलंस. पण माका त्या कागदात घालू नको."

"तुमच्यासाठीच तर लिहिलंय."

"माझ्यासाठी लिवतंस तर माका इचार. देव माझोय आसा. तेनी माका देवळात घेवक नाय म्हणान मी देव सोडूचो काय?"

"अहो, पण तुमची जागा गेली!"

"गेली ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तुका आता कळला."

तरी मी पत्रक काढलं. तिचा उल्लेख 'एक कामगार' एवढाच केला. अर्ध्या दिवसात पत्रक गावभर झालं, आणि संध्याकाळच्या आत वाचनालयाच्या चिटणिसांनी यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. "शाई संपली आसा," एवढंच म्हणाले. मी कार्बन घालून हाताने प्रती काढायला बसलो. हॉटेलात गेलो की लोक मुद्दाम मोठ्याने बोलत. "इलो रे, देवाक कोर्टात खेचणारो इलो!" "देवाक समन्स काढलंस मा?" "तारीख कधीची, माका साक्षीक येवचा आसा." एकाने माझ्यासमोर पत्रक घडी करून त्यात भजी घेतली. ते मी सहन केलं. भजी खाताना माणूस थोडंफार वाचतोच.

घरातलं सहन होत नव्हतं. आबा माझ्याशी बोलेनात. आई वाढताना दोघांच्या मध्ये बसायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना मीच तोंड उघडलं. "आबा, रागावलात ते ठीक. पण एक सांगा. देवाला तुम्ही विचारलंत काय? शब्द काय होते?"

आई म्हणाली, "जेव आधी."

आबांनी भाताची मूद फोडली. मग म्हणाले, "ह्यो नवीन माणूस बाजाराक चलात काय, असा इचारलंय."

"आणि बाईचं?"

"तिचा दुसऱ्या कौलात इचारूचा होता. दोन माणसां आसली की दोन कौल घेतत. दोघांकव उजवो पडलो तर मगे तिसरो घेवचो. ही रीत आसा. माझ्या बापाशीन तशीच चालवल्यान."

"मग घेतला का नाहीत?"

"कोणाक घेवचो होतो?" आबांचा आवाज चढला. "मी वाकलेलंय, मागे बघतंय तर सगळे उठान चपला घालतत! गुरव म्हणता, 'आबानू, आता कोणासाठी इचारतास?' देवाक अर्धाच इचारून आमी बाहेर पडलो. आणि तू लिवलंस काय? देव चुकलो म्हणान?"

"मी देव चुकला असं कुठे लिहिलं?"

"सगळो गाव तसाच वाचता."

ते हात धुवायला उठले. मी उष्ट्या हाताने तसाच बसून राहिलो. मला पुरावा मिळाला होता, आणि तो माझ्या काही उपयोगाचा नव्हता. कौल अर्धा होता असं म्हणायचं तर पुढचं वाक्य काय? पुरा करा. म्हणजे पालिकेची जागा देवच भरणार हे मी मान्य करायचं.

दुसऱ्या दिवशी मी बाईला जाऊन सांगितलं. तिला मात्र हे ऐकून एकदम आशा वाटली. हातातलं काम टाकून ती उभी राहिली. "मगे दुसरो कौल घेवक सांग त्येंका!"

मी म्हणालो, "नाही. नोकरी द्यायचं काम नगरसेवकांचं. त्यांनी हात वर करून मत द्यायला पाहिजे. कायद्यात तसं आहे."

"आणि हात नाय वर केल्यानी तर?"

"तर आपण लढू."

"आपण?" ती म्हणाली. "झिला, आयक. तुका जिंकूचा आसा. माका जागा होयी आसा. दोनव एकच असती तर माका वायच बरा वाटला असता."

पुढच्या सभेला तिच्याबरोबर जायचं आणि तिला जे मागायचं ते तिनेच मागायचं, एवढं ठरलं. मधले दिवस वाईट गेले. नवा माणूस हजर झाला होता आणि मामांनी सांगितल्याप्रमाणे ऑफिसात टपालाला शिक्के मारत बसला होता. बाईला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. बाजार झाडायला कोणीच नव्हतं. मासेवाल्या बायका पहिले दोन दिवस आपापल्या पुढचं पाणी मारून गेल्या. नंतर त्यांनी ऑफिसाच्या दारात येऊन तोंड सोडलं. "खंय गेलो तुमचो देवान धाडलेलो माणूस? बाहेर काढा तेका. वायच बघूया तरी, देवाचो झाडू कसो दिसता तो!" शिक्के मारणाऱ्याने मान वर केली नाही. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

सभेच्या दिवशी बाजाराकडची खिडकी बंद होती. तरी वास येत होताच. नगरसेवक नाकाला रुमाल लावून अंदाजपत्रकावर बोलत होते. मी माझ्या बाकावर. बाई दाराबाहेर, सवयीने. मागच्या बाजूला धोतर-टोपीत कोणीतरी येऊन बसलं, तिकडे मी आधी पाहिलंच नाही. मग खोकला ओळखला. आबा.

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय आला. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, 'सर्वानुमते नेमणूक करण्यात आली'. कौलाचा शब्द नाही.

आबा उठले. या माणसाने उभ्या आयुष्यात पालिकेच्या सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं.

"अध्यक्षानू, माका एक सांगूचा आसा. त्या दिवशीचो कौल अर्धो आसा. एकाचाच इचारलेला आसा. बाईचा इचारूक नाय."

मामांनी रुमाल खाली घेतला. "आबानू, पुतण्यान शिकवल्यान काय ह्या?"

"माका शिकवणारो अजून जन्माक येवचो आसा," आबा म्हणाले.

नगराध्यक्षांनी हात जोडले. चेहऱ्यावर घाम. "आबानू, तुमी मानकरी, आमका वडिलांसारखे. पण देवळातला देवळात बोला. ही पालिका आसा. हयसर कौलाचो विषय काढूचो नाय."

तेव्हा बाई आत आली. मी तिला बोलावलं नव्हतं. पट्टेवाल्याने हात आडवा केला, तो तिने नुसता बाजूला केला, पडदा सारावा तसा. ती दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. दुसरा कौल मागायला आली होती ती. पण नगराध्यक्षांचं शेवटचं वाक्य तिने दारात ऐकलं होतं.

"ही पालिका आसा मा?" ती म्हणाली. "मगे पालिकेत करतत तसा करा. देवळात माका येवक मेळाक नाय. देव काय बोललो ता मी बघूक नाय, तुमी सांगितलास ता मानलंय. हयसर मी आत उभी आसय. माझ्या तोंडार सांगा. कोणाक मी नको, तेनी हात वर करा."

बंद खिडकीवर माश्या आपटत होत्या.

"करा," ती म्हणाली. "मी कोणाक शिवी घालूचंय नाय."

एकाही माणसाचा हात वर आला नाही. मला वाटलं झालं, जिंकली. कोणालाच ती नकोशी नाही! मी बाकावरून ओरडलो, "आता कोणाला हवी त्यांनी हात वर करा!" नगराध्यक्ष म्हणाले, "प्रेक्षकांनी बोलायचं नाही." पण शेवटच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या नगरसेवकाने हात उचलला. मग त्याच्या शेजारच्याने.

आणि मामा उठले. "वायच पान खावन येतंय," म्हणाले. त्यांच्यामागे दुसरा उठला, त्याला फोन करायचा होता. तिसऱ्याला काहीच करायचं नव्हतं, तो नुसताच गेला. बाईच्या बाजूचे म्हणवणारेही त्यांत होते. प्रत्येकाला तिच्या अंगावरून जावं लागत होतं आणि प्रत्येकजण अंग चोरून जात होता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मुख्याधिकाऱ्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि फाइल मिटली.

"गणपूर्ती नाही. सभा तहकूब."

म्हाताऱ्या नगरसेवकाचा हात अजून वरच होता. आबांनी जाऊन तो खाली घेतला.

बाई माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "बघलंस?" ती म्हणाली. "देवान निदान पाकळी तरी टाकल्यान. ह्येनी तेवढाव केल्यानी नाय."

तहकूब सभा नंतर झाली. तो विषय सोडून झाली. आणि बाजाराचा वास नगराध्यक्षांच्या दुकानापर्यंत पोचला, तेव्हा पट्टेवाला तिच्या घरी गेला आणि 'तात्पुरतं' म्हणून तिला बोलावून आणलं. हजेरी नाही, रजा नाही, आजारी पडली तर काही नाही. झाडू तिचा आणि जागा दुसऱ्याची, असं ते बसलं. आबा पुढच्या वर्षी मानकरीपणातून बाजूला झाले. कारण विचारलं की गुडघे दुखतात म्हणतात. मी तिला म्हणालो होतो, आपण लढू. मी अजून पत्रकं काढतो. दर सभेला त्या बाकावर एकटाच बसतो. मला बघून नगरसेवकांना पान आठवत नाही. एका माणसाला कोण घाबरतं?

त्या दिवसाला दोन पावसाळे होऊन गेले. ती आज दुपारीही बाजारात होती. मी हे लिहायला बसण्याआधी तिला विचारून आलो, या वेळी तुम्हाला कागदात घालू का? ती फरशीवर पाणी मारत होती. "घाल," म्हणाली. "पण वाचून गप रवणाऱ्यांसाठी घालू नको."

तर तुम्ही वाचलंत. आता गप्प राहू नका. आमच्या गावचे असाल तर पुढच्या सभेला या. खिडकीजवळचं बाक रिकामं आहे, वास येतो, सवय होते. दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्या पालिकेत जा, तिथेही असं बाक असेल आणि तिथेही कोणीतरी बाहेर उभं असेल. त्या माणसाला आत घ्या. ज्याला तुम्ही मत दिलंत त्याला त्याच्या तोंडासमोर हात वर करायला सांगा, हवा म्हणून किंवा नको म्हणून. तो पान खायला उठला तर दारात उभे राहा, आणि हात वर झाल्याशिवाय त्याला वाट देऊ नका.